पेनीची मोड

वरच्या मजल्यावरचे अण्णा मूळचे राजापूरकडचे. त्यांचे वडील बोटीवर खलाशी होते आणि दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे त्यांनी मुंबई-लिव्हरपूल अशा बऱ्याच फेऱ्या केल्या. गेल्या महिन्यात अण्णा चुन्याची जुनी पितळी डबी घेऊन खाली आले, ती माझ्या टेबलावर उपडी केली आणि म्हणाले, "अहो, तुम्ही शब्दांचं बघता ना? मग हे जरा बघा. काय येईल याचं?"

शब्दांचं बघणाऱ्याला नाण्याचा भाव विचारणं म्हणजे व्याकरणवाल्याकडून पत्रिका बघून घेण्यापैकी. पण डबीतून पडलेल्या पाच नाण्यांवर इतकी अक्षरं होती, की मला नाही म्हणवेना.

पाचांतलं सगळ्यांत लहान नाणं हल्लीच्या रुपयाएवढं. एका बाजूला सहावा जॉर्ज, दुसऱ्या बाजूला आखूड शेपटी वर उचलून बसलेला एक गुबगुबीत पक्षी, खाली साल १९४३. अण्णांच्या घरात याला पिढ्यान्‌पिढ्या 'चिमणीचा पैसा' म्हणतात. पक्षी चिमणी नाही. तो रेन, महाराष्ट्रात न दिसणारा आणि इंग्लंडातल्या अगदी चिमुकल्या पक्ष्यांपैकी एक. सगळ्यांत धाकट्या नाण्यावर धाकटा पक्षी बसवायची कल्पना १९३७ सालची, आणि १९५६ साली हे नाणं पाडणं थांबलं तोवर तो तिथेच बसून होता. पण 'पैसा' हा शब्द अण्णांच्या घरच्यांनी सहज लावला असला, तरी तो फारच नेमका लागला होता. तो कसा, हे समजायला त्या नाण्याच्या इंग्रजी नावात शिरावं लागतं.

नाव फार्दिंग. जुन्या इंग्रजीत ते 'फेओर्थिंग' किंवा 'फेओर्थुंग' असं होतं. त्यातला 'फेओर्थ' म्हणजे आजचा 'फोर्थ', आणि 'इंग' हा प्रत्यय. अर्थ सरळ आहे, चौथा भाग. आपण म्हणू पाव. या प्रत्ययाचं एक भावंड इंग्लंडच्या नकाशावर आहे. यॉर्कशर परगण्याचे तीन विभाग होते, त्यांना 'रायडिंग' म्हणत. घोड्यावर बसण्याशी त्याचा काही संबंध नाही. मूळ शब्द 'थ्रायडिंग', म्हणजे तिसरा भाग. 'नॉर्थ थ्रायडिंग' असं रोज म्हणता म्हणता दोन 'थ' एकमेकांत गेले आणि उरलं 'रायडिंग'.

तर फार्दिंग म्हणजे पाव. कशाचा पाव? पेनीचा. आणि हा पाव एके काळी नुसता हिशेबातला नव्हता, कात्रीतला होता. आठव्या शतकाच्या अखेरीपासून पुढची पाचशे वर्षं इंग्लंडात व्यवहाराचं नाणं म्हणजे जवळजवळ एकच, चांदीची पेनी. ती मोठी रक्कम. पाव-भाजी घ्यायला निघालेल्या बाईने एवढं नाणं द्यायचं आणि परत काय घ्यायचं? त्यावर तोडगा म्हणून पेनी सरळ कापत. दोन तुकडे केले की अर्धी, चार केले की पाव. नाण्याच्या मागच्या बाजूला क्रूस असे, त्याच्या रेषेवर कातर चालवली की वाटण्या बरोबर. १२४७ साली तिसऱ्या हेन्रीच्या टाकसाळीने त्या क्रूसाचे हात थेट कडेपर्यंत नेले. कारण खरं तर वेगळं होतं. लोक नाण्याची कड हळूच कातरून चांदी खिशात घालत, आणि क्रूसाची टोकं गायब झाली की चोरी उघडी पडावी हा हेतू. पण कापणाऱ्यालाही त्या रेषेची सोय झालीच. इंग्लंडच्या शेतांतून धातुशोधक यंत्र घेऊन हिंडणाऱ्या हौशी लोकांना आजही असे त्रिकोणी चतकोर तुकडे सापडतात. नखावर मावेल एवढा तुकडा, त्यावर राजाचा एखादा कान किंवा डोळा.

इथे मला थांबावंसं वाटतं, कारण हा तुकडा म्हणजे चक्क 'मोड' आहे. आपण दुकानात विचारतो, "पाचशेची मोड आहे का?" नोट कुणी मोडत नाही, पण क्रियापद तेच वापरतो. रुपया मोडणे, पाचशे मोडणे. आणि न मोडलेला तो 'बंदा' रुपया. मराठीत जे फक्त भाषेत उरलं आहे, ते इंग्लंडात एके काळी कातरीने होत होतं. शिलिंगची व्युत्पत्तीही इथेच घोटाळते. एक पक्ष म्हणतो, त्याच्या मुळाशी तोडणे, वेगळं करणे अशा अर्थाचा धातू आहे. दुसरा म्हणतो, मुळाशी खणखणणे आहे. मला या भांडणात पडायचं नाही. मराठी माणसाला दोन्ही पटतील, कारण आपलं नाणं खणखणीतही असतं आणि त्याची मोडही होते.

आपल्याकडे चिल्लरीला शब्दांचा तोटा नाही. 'चिल्लर' दक्षिणेकडून आली, कानडीत ती 'चिल्लरे' आहे. 'खुर्दा' फारसीतून आला, खुर्द म्हणजे लहान. वडगाव खुर्द आणि वडगाव बुद्रुक यांतला धाकटा वडगाव आणि गल्ल्यातला खुर्दा एकाच घरचे. 'मोड' मात्र अस्सल आपली.

१२७९-८० च्या सुमारास पहिल्या एडवर्डने अर्धी आणि पाव पेनी गोल पाडायला सुरुवात केली, तेव्हा कातरीचं काम कमी झालं. नाव मात्र 'चौथा'च राहिलं. पुढे चांदी महागत गेली आणि हा चांदीचा पाव इतका बारीक होत गेला, की बोटांच्या फटीतून निसटावा. सोळाव्या शतकाच्या मध्यानंतर तो बंदच पडला. तांब्याचं रीतसर फार्दिंग आलं १६७२ साली, दुसऱ्या चार्ल्सच्या काळात, आणि त्याच्या पाठीवर ढाल-भाला घेऊन ब्रिटानिया येऊन बसली. मधेच काही वर्षं कथलाचा प्रयोग झाला. खोटी नाणी ओळखता यावीत म्हणून कथलाच्या मधोमध तांब्याचा खिळा ठोकलेला असे. पण कथील हवेने खराब होतं, त्यामुळे ही नाणी बहुधा करपलेल्या पापडासारखी दिसतात.

आता 'पैसा'. पाद म्हणजे पाय, आणि चार पायांतला एक म्हणून चौथा हिस्सा. 'पाद'पासून 'पाव' आला याबद्दल वाद नाही. 'पै' त्याच कुळातली, आणि 'पैसा'ही तिथूनच आला असं बहुतेक कोशकार धरतात. कंपनी सरकारने १८३५ साली जे तांब्याचं नाणं पाडलं, त्यावर इंग्रजीत 'पाव आणा' असंच लिहिलं. लोक त्याला पैसाच म्हणत राहिले, आणि अर्थ एकच असल्याने कुणाचंच चुकलं नाही. (पै तेवढी बहकली. नावाने ती पाव, पण एका आण्यात बारा पया आल्याने ती पैशाचा तिसरा हिस्सा होऊन बसली. नाव ठेवताना जो भाव असतो तो टिकतोच असं नाही, हे माणसांच्याही बाबतीत पाहतो आपण.)

म्हणजे पेनीचा पाव फार्दिंग आणि आण्याचा पाव पैसा. आता गंमत. एकोणिसाव्या शतकाच्या अगदी शेवटी रुपयाचा दर एक शिलिंग चार पेन्स असा बांधला गेला. शिलिंगचे बारा पेन्स, वर चार, एकूण सोळा. रुपयाचे आणेही सोळा. तेव्हा एक आणा म्हणजे बरोबर एक पेनी, आणि एक पैसा म्हणजे बरोबर एक फार्दिंग. रुपयाचे चौसष्ट पैसे, सोळा पेन्सचे चौसष्ट फार्दिंग. १८९९ साली सोन्याची सॉव्हरिन आपल्याकडे पंधरा रुपयांना कायदेशीर चलन झाली, तीही याच हिशेबाने, कारण सॉव्हरिन म्हणजे एक पौंड, आणि पौंडाच्या दोनशे चाळीस पेन्सला सोळाने भागलं की पंधरा येतात. पहिल्या महायुद्धात चांदी भडकली आणि हे जुळलेलं गणित विस्कटलं. पण तोवरची काही वर्षं दोन वेगळ्या भाषांतले दोन चौथे भाग, एक लंडनच्या गल्ल्यात आणि एक मुंबईच्या, बाजारभावानेही एकमेकांचे अर्थ होते. शब्दकोशात समानार्थी शब्द पुष्कळ भेटतात. सरकारी दराने समानार्थी झालेले मी दुसरे पाहिलेले नाहीत.

"म्हणजे आमच्या घरी पैसा म्हणत ते बरोबरच होतं," अण्णा म्हणाले. त्यांच्या वडिलांच्या वेळी दर एक शिलिंग सहा पेन्स झाला होता. त्या हिशेबाने आठ पैशांना नऊ फार्दिंग. हे सांगितल्यावर अण्णांना जरा अभिमान वाटला. पैसा वरचढ निघाला म्हणून असेल.

डबीतली दोन मोठी, जाड, करड्या तांबूस रंगाची नाणी म्हणजे पेन्या. पेनी या शब्दाने मात्र व्युत्पत्तिकारांना दमवलं आहे. जर्मन 'फेनिग' तिची सख्खी बहीण. पण आई कोण? कुणी तारण या अर्थाच्या शब्दाकडे बोट दाखवतं, कुणी कापड या अर्थाच्या लॅटिन शब्दाकडे, कुणी स्वयंपाकघरातल्या पसरट भांड्याकडे. त्याहून विचित्र तिचं आद्याक्षर. हिशेबात पेनी 'पी'ने लिहीतच नसत, 'डी'ने लिहीत. हा 'डी' रोमन देनारियसचा. पौंडाचा 'एल' लिब्राचा, शिलिंगचा 'एस' सॉलिडसचा, आणि पेनीचा 'डी' देनारियसचा. रोम बुडून दीड हजार वर्षं झाली तरी इंग्रज वाणी वहीत रोमन नाण्यांची आद्याक्षरं लिहीत होता, आणि हे थांबलं १५ फेब्रुवारी १९७१ रोजी, दशमान चलन आलं त्या दिवशी.

या देनारियसचे नातेवाईक आपल्याकडे फार पूर्वी आले. गुप्तकाळच्या लेखांतला 'दीनार' तोच. त्याच्या तोलाचं ग्रीक नाणं द्राख्मा, त्याचा आपल्याकडे 'द्रम्म' झाला. कान्हेरीच्या लेण्यांतल्या नवव्या शतकातल्या लेखांत भिक्षूंसाठी द्रम्म ठेवल्याच्या नोंदी आहेत. द्रम्माचा झाला दाम, आणि दामाची लेक दमडी. म्हणजे "दमडीही मिळणार नाही" असं आपण ज्या वस्तूबद्दल म्हणतो, तिचा भाव आपण ग्रीकांच्या नाण्यात सांगत असतो.

आता ओळख पटवण्याकडे वळू. अण्णांना तेच तर हवं होतं. जुनी इंग्रजी चिल्लर ओळखायची सोपी रीत म्हणजे आधी डोकं, मग अक्षरं, मग सालाच्या आसपासची जागा.

डबीतल्या एका पेनीवर व्हिक्टोरिया राणी होती, झिजलेली, पण मानेवरचा अंबाडा शाबूत. १८६० ते १८९४ या काळातल्या पेन्यांवर ही अंबाडेवाली राणी येते. इंग्रज या नाण्याला 'बन पेनी'च म्हणत. त्यानंतर तिच्या डोक्यावर पदर येतो, तशी ती १९०१ पर्यंत. म्हणजे साल पुसलं असलं, तरी केशभूषेवरून काळ सांगता येतो. साडीच्या नेसण्यावरून फोटो कुठल्या दशकातला ते आजी ओळखायची, तसंच हे. १९४० च्या दशकात एका खलाशाच्या खिशात व्हिक्टोरियाचं नाणं कसं, असं कुणाला वाटेल. पण या राणीच्या पेन्या पार १९७१ पर्यंत बाजारात चालत होत्या.

अक्षरांत मला सगळ्यांत जास्त रस होता. राजाच्या डोक्याभोवती लॅटिन संक्षेपांची माळ असते, वाचली तर मंत्रासारखी. 'देवाच्या कृपेने' हे 'डी जी'. 'धर्माचा रक्षक' हे 'एफ डी', आणि ती पदवी १५२१ साली पोपने आठव्या हेन्रीला दिलेली. पुढे हेन्री पोपशी भांडून वेगळा झाला, पदवी मात्र त्याने परत केली नाही. आणि शेवटी 'इंड इंप', म्हणजे 'हिंदुस्थानचा सम्राट'. व्हिक्टोरियाच्या चांदी-सोन्याच्या नाण्यांवर ही अक्षरं १८९३ पासून आणि तांबड्या चिल्लरीवर १८९५ पासून येतात. १९४९ सालच्या नाण्यांवर ती नाहीत. १९४७ आणि १९४९ या दोन सालांच्या पेन्या शेजारी ठेवल्या, तर राजा तोच, ब्रिटानिया तीच, फक्त दोन छोटे शब्द उठून गेलेले. चिमणीच्या पैशावर ते अजून होते. अण्णांना भिंग दिलं. ते बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे आमचं नाव होतं यांच्या चिल्लरीवर."

दुसरी पेनी १९१२ ची. सालाच्या डावीकडे बारीक 'एच'. टाकसाळीला काम झेपेना, तेव्हा बर्मिंगहॅमच्या हीटन कंपनीकडून नाणी पाडून घेत, त्याची ही खूण. अशीच 'के एन' ही किंग्ज नॉर्टनची, १९१८ आणि १९१९ ची, आणि ती जास्त दुर्मीळ. गंमत १८८२ सालच्या पेनीत. तिच्यावर 'एच' असेल तर नाणं साधं, नसेल तर अत्यंत दुर्मीळ. असलेल्या अक्षरापेक्षा नसलेल्या अक्षराला भाव. म्हणून असं नाणं समोर आलं, की कुणी 'एच' खरवडून तर काढला नाही ना, ते आधी भिंगातून बघावं लागतं. सगळ्यांत गाजलेली पेनी १९३३ ची. त्या वर्षी बाजारात पेन्या आधीच भरपूर होत्या, म्हणून नव्या पाडल्याच नाहीत. समारंभासाठी, इमारतींच्या पायाभरणीच्या दगडाखाली ठेवायला म्हणून जेमतेम सातेक तयार केल्या. इंग्लंडातल्या कित्येक पोरांनी नंतर आयुष्यभर हातात आलेल्या प्रत्येक पेनीचं साल बघितलं असणार.

बर्मिंगहॅमचा उल्लेख आला म्हणून एक आठवण. त्याच शहराच्या सोहो भागात मॅथ्यू बोल्टनने वाफेच्या यंत्रावर नाणी पाडायला सुरुवात केली. १७९७ सालची त्याची तांब्याची पेनी एक औंस वजनाची, दोन पेन्सचं नाणं दोन औंसांचं. कडा जाड आणि उंच, म्हणून लोकांनी नाव ठेवलं 'गाडीचं चाक'. खिशाला ती परवडली नाहीत, वाण्यांनी वजनं म्हणून वापरली. पण त्याआधी सहा वर्षं, १७९१ मध्ये, याच बोल्टनने मुंबई इलाख्यासाठी तांब्याचे पैसे पाडून पाठवले होते. त्यांच्या एका बाजूला तराजू, आणि पारड्यांच्या मध्ये फारसी लिपीत न्यायाचा अर्थ असलेला शब्द. गाडीच्या चाकाआधी त्या कारखान्याने मुंबईचा पैसा पाडला, ही गोष्ट मुंबईकरांनी मिरवायला हरकत नाही.

वजनाची सवय पुढेही राहिली. १८६० नंतरच्या तीन पेन्या मिळून एक औंस भरतो, किंवा पाच अर्ध्या पेन्या, किंवा दहा फार्दिंग. अर्ध्या पेनीचा व्यास तर एक इंच. अण्णांच्या डबीतल्या अर्ध्या पेनीवर शिडाचं जहाज होतं, खलाशाच्या घरी शोभेल असं. लिहिताना हाफ-पेनी, बोलताना 'हेप्नी'. तिच्या भावात येईल तेवढ्या मालाला 'हेपर्थ'. दमडीच्या डांबरापायी जहाज घालवू नये, अशा अर्थाची त्यांची एक म्हण आहे. पण मुळात ते जहाज नव्हतं, मेंढरू होतं. गावंढळ बोलीत 'शीप'चा उच्चार 'शिप' होतो, आणि डांबर मेंढरांच्या जखमांना लावत. मेंढरू विसरलं गेलं, जहाज तरंगत राहिलं.

पाचवं नाणं बारा बाजूंचं, पिवळं, तीन पेन्सचं. बोलताना 'थ्रपन्स'. त्यावर एका समुद्रकाठच्या फुलझाडाचं चित्र आहे, आणि त्या झाडाचं इंग्रजी नाव 'थ्रिफ्ट', म्हणजे काटकसर. टाकसाळीत कुणाला तरी कोटी करायची हुक्की आली असावी. फार्दिंगच्या खालीही नाणी होती बरं. सिलोनसाठी १८३९ पासून फार्दिंगचाही पाव पाडला, पावाचा पाव. पौंडाला असे तीन हजार आठशे चाळीस.

एवढं सगळं ऐकून झाल्यावर अण्णा मूळ प्रश्नावर आले. "मग येईल काय?"

मी नाणी पुन्हा उजेडात धरली. १९१२ ची ती 'एच'वाली पेनी गुलाबी चमकत होती. दुसरीवर व्हिक्टोरियाच्या अंबाड्याच्या खाचेत पांढुरकं काहीतरी अडकलं होतं. "अण्णा, घासलीत?" "हो तर. तुमच्याकडे आणायची म्हणून सकाळीच चिंच आणि मीठ लावून घासली. डबीत कशी काळीकुट्ट पडली होती." देवाची भांडी आणि नाणी यांत फरक हाच, की नाण्याचा भाव त्या काळेपणात असतो. शंभर वर्षांत तांब्यावर चढलेला तो तपकिरी थर म्हणजे त्याची कातडी. चिंचेने ती सोलून निघते, आणि जाणकार एका नजरेत ओळखतो. जाणकार झिजेचे टप्पे करतात, फाइन, व्हेरी फाइन, न वापरलेलं असे. एका नाण्याचा भाव टप्प्यागणिक दुप्पट-चौपट होतो. घासलेल्या नाण्याला कुठलाच टप्पा धडपणे लागत नाही. हवाबंद डबीत सीलबंद करून प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आहेत, पण अशा चिल्लरीला त्यांच्याकडे पाठवणं म्हणजे चार आण्यांची कोंबडी आणि बारा आण्यांचा मसाला.

मी खरं ते सांगितलं. पाचही मिळून दोघांचा चहा-नाश्ता निघेल, फार तर. न घासता पेनीला थोडं जास्त आलं असतं, पण दारात गाडी उभी राहण्याइतकं नाही. या नाण्यांच्या कोट्यवधी प्रती पाडल्या गेल्या. म्हाताऱ्या असल्याने दुर्मीळ झाल्या, असं होत नाही. अण्णा मुळीच खट्टू झाले नाहीत. "विकायची कुणाला होती," म्हणाले, "विचारून ठेवलं." आणि नाणी डबीत टाकून जिना चढून गेले.

दोन दिवसांनी पुन्हा दारात. डबीच्या तळाच्या कागदाखाली आणखी एक सापडलं होतं. हे घासलेलं नव्हतं. मध्ये मोठं भोक, वरती मुकुट, साल १९४३. आपलाच भोकाचा पैसा, युद्धात तांबं वाचवायला मधला भाग कापून काढलेला. मी तो अण्णांच्या फार्दिंगवर ठेवून पाहिला. आकार जवळजवळ तेवढाच, कड थोडी बाहेर. भोकातून चिमणीची पाठ आणि वर उचललेली शेपटी तेवढी दिसत होती.